मोठ्या अक्षरांचा मान

बाबा, तुमच्या नातीचं लग्न ठरलं. आणि तुम्ही शिकवलेल्या कॅपिटल अक्षरांनी ते जवळजवळ मोडलंच होतं. आता आठवलं की हसू येतं, पण मधले काही दिवस मी सारखी मोबाइलच उघडून बघत होते. तुम्ही असता तर मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला असता, "काय माय, शिफ्ट किती वेळ दाबून ठेवाची असते?" म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

गोंडपिपरीची आपली पुढची खोली आठवते? तुमच्या टायपिंग क्लासच्या मशिनी भिंतीला लागून, आणि त्याच भिंतीपलीकडे आईचं स्वयंपाकघर. इकडे पोरं ए-एस-डी-एफ बडवायची, तिकडे आई भाकरी थापायची, आणि आवाज कोणाचा जास्त यावरून तुमची रोजची कुरबुर. मला मशीन आवडायचं, पण मोठ्या अक्षरासाठीच्या शिफ्टचा भारी राग यायचा. ती दाबली की कागद धरणारी अख्खी गाडी वर उचलली जायची, आणि माझ्या करंगळीत तेवढा जोर नव्हता. म्हणून एके दुपारी मी आबाजींचं नाव सगळंच लहान अक्षरांत बडवून मोकळी झाले. तुम्ही मागे उभे. कागद मशीनमधून ओढून काढता आणि माझ्यासमोर धरता.

"हे कोनाचं नाव आहे?"

"आबाजीचं."

"मंग लहान काऊन लिवलं?" तुम्ही रागावलेले नाही, पण हसतही नाही. "माह्या बापाले गावानं कधी पुऱ्या नावानं हाक नाई मारली, माय. जनमभर दुसऱ्याचं धान रोवलं त्यानं, अन् लोक अर्धं नाव तोडून 'अरे' म्हनून बोलवत. आपल्या लिपीत मोठं अक्षर नाई. मान द्याचा तर मागं 'राव' लावा लागते, अन् ते लोक आपल्या मर्जीनं लावते. इंग्रजीत मर्जी नाई चालत. नाव आलं का पयलं अक्षर मोठं. मजूर असो का साहेब असो."

मग तुम्ही माझी करंगळी स्वतःच्या बोटाखाली धरून शिफ्ट दाबलीत. त्या दिवसापासून आजपर्यंत मी कोणाचंही नाव लहान अक्षराने सुरू केलेलं नाही. किराण्याच्या चिठ्ठीवरसुद्धा नाही.

मला अहेरीच्या कचेरीत नोकरी लागली, त्या सकाळी तुम्ही मशीनवर एक पट्टी टाइप केलीत आणि माझ्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून खळीने चिकटवलीत. माझं पूर्ण नाव, आणि सगळीच्या सगळी अक्षरं मोठी. मी म्हटलं, "बाबा, नियम तर पयल्या अक्षराचा होता ना?" तुम्ही पेटीची कडी लावत म्हणालात, "आज तू पुरी मोठी होऊन चालली." एवढं बोलून बस आली का बघायला बाहेर निघून गेलात. बसला यायला बराच वेळ होता.

घोळ झाला तो इथेच. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की थोडा मान असेल तर एक अक्षर मोठं, आणि भरपूर मान असेल तर सगळीच.

आता पोरीचं ऐका. ती हैदराबादला नोकरी करते आणि तिने तिथलाच मुलगा पसंत केला. मुलगा गुणी आहे, घरचे तेलुगू. अहेरीत इतकी वर्षं काढूनही माझं तेलुगू आठवडी बाजारातल्या भावतोलापुरतंच, आणि विहीणबाईंना मराठीचा म सुद्धा ठाऊक नाही. म्हणून दोन्ही घरांचा मोबाइलवर ग्रुप काढला, बोलणं इंग्रजीतून. ती मंडळी पुढच्याच रविवारी बोलणी पक्की करायला येणार होती. पहिला निरोप मुलीच्या आईचा हवा, म्हणून मी चष्मा पुसून बसले. आपण म्हणतो तसंच साधं लिहिलं, की आम्ही सगळे तुमची वाट बघतो आहोत, पूर्ण घर घेऊन या, लग्नाचं सगळं आम्ही बघून घेऊ. होऊ घातलेली विहीण ती, तिला मान कमी पडायला नको, म्हणून पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं कॅपिटल. 'वुई आर वेटिंग फॉर यू. कम विथ फुल फॅमिली. वुई विल सी एव्हरीथिंग.' इथे मराठीत ते दाखवता येत नाही, तुम्ही मनातल्या मनात शिफ्ट दाबून वाचा.

निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, माझं इंग्रजी चुकलं असेल, म्हणून तेच पुन्हा पाठवलं, या वेळी शेवटी 'प्लीज रिप्लाय' जोडून. तेही मोठ्या अक्षरांतच. त्यानंतर पोरीचा फोन आला, रडवेल्या आवाजात.

"आई, तू काऊन चिल्लावून राह्यली त्याहिच्यावर?"

"मी? अवं मी त तोंडानं एक शब्द नाई बोलली."

"लिहिलं ना! ऑनलाइन सगळं कॅपिटल म्हंजे चिल्लावनं असते. त्याहिले वाटते का तुले हे लग्न मंजूर नाई. धमकी देऊन राह्यली म्हनते. रविवारचं येनं रद्द केलं त्यायनं."

ही पोरगी स्वतःचं नावही लहान अक्षरात लिहिते. मी टोकलं की म्हणते, मोठं अक्षर टाकलं तर लोकांना वाटतं राग आला. तुम्ही तिच्याकडून तोच कागद दहादा टाइप करून घेतला असता. पण त्या क्षणी मला तिच्यावर रागावायचं सुचलं नाही. तुमच्या त्या मोठ्या अक्षरांच्या मानापायी माझ्या लेकीचं घर बसायच्या आत उठणार, एवढंच डोळ्यापुढे होतं.

मग तुमच्या नियमाने, वाक्याचं पहिलं अक्षर मोठं, नावाचं मोठं, बाकी लहान, असं शिस्तीत ग्रुपवर लिहिलं: माझे वडील टायपिंग शिकवत, आमच्या घरात मोठं अक्षर म्हणजे मान, आणि मी सगळा मान एकदमच देऊन बसले. पाठवलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

उत्तर आलं नाही, सरळ फोनच वाजला. विहीणबाई इतक्या हसत होत्या की पहिल्यांदा काही कळेचना. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मेरे हज़बैंड आपका मैसेज देख के बोले, अहेरी का, जंगल साइड का लोग है, संभल के." मग मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फोन ठेवल्यावर ग्रुपवर त्यांचा निरोप आला, रविवारी येतोय म्हणून. सगळा कॅपिटलमध्ये. इतका गोड आरडाओरडा माझ्यावर आजवर कोणी केला नव्हता.

रविवारी मंडळी आली. मी सांबारवडी केली होती. व्याही सांबाराचं भांडं शोधत बसले, आणि आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे सांगता सांगता बोलणी कधी पक्की झाली ते कळलंच नाही.

काल पोरीने पत्रिका करून पाठवली. नव्या पद्धतीची, इंग्रजी, तिचं आणि जावयाचं नावसुद्धा लहान अक्षरांत. म्हटलं, असो, त्यांचा जमाना. मग वरच्या कोपऱ्यात नजर गेली. तिथे स्मरणाच्या ओळीत दोनच नावं आहेत, तुमचं आणि आबाजींचं. पूर्ण नावं, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं. बाबा, मी तिला हे सांगितलं नव्हतं. अख्ख्या पत्रिकेत तिने शिफ्ट दाबली ती फक्त तुम्हा दोघांसाठी.

हे मी कचेरीच्या कॉम्प्युटरवर लिहिते आहे, जेवणाच्या सुट्टीत. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं, लहान 'बी'चा ब आणि मोठ्या 'बी'चा भ. पहिलाच शब्द 'बाबा' लिहिताना करंगळी आपोआप शिफ्टवर गेली, शब्द संपेपर्यंत तिथेच राहिली, आणि समोर उमटलं 'भाभा'. मी एकटीच हसत सुटले, शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली. शब्द दुरुस्त केला आहे. तरी एक सांगते. हे पाठवायचं कुठे नाहीच, म्हणून नुसतं साठवून ठेवते आहे, आणि फाइलचं नाव मात्र मी 'भाभा'च राहू दिलं आहे.