स्लोव्हाकियातल्या क्लबासाठी गाऱ्हाणं

बाबा, तुमच्या नातवाने काल माझा जीव टांगणीला लावला. त्याचं मूळ तुम्ही आहात, म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला अजून तुम्हीच लागता. तो आता स्लोव्हाकियात असतो, मोटारींच्या कारखान्यात. डिचोलीच्या खाणी बंद पडल्या, ह्यांचा ट्रक दाराशी गंजत उभा राहिला आणि पोरगा एजंटाला धरून तिकडे गेला. हा देश कुठे आहे म्हणून विचाराल, तर मलाही नकाशात शोधावा लागला. त्याला समुद्रच नाही, बाबा! आयुष्यभर खनिजाच्या बार्जवर काढलेल्या माणसाच्या नातवाने जाऊन जाऊन जावं ते असल्या देशात.

गेला तो गेला, वर तिथे तुमच्यासारखाच क्लबवाला झाला. त्याच्या शेजारच्या मशीनवर निवृत्तीला टेकलेला एक म्हातारा आहे, तो त्याला पहिल्यांदा फुटबॉलच्या मॅचीला घेऊन गेला. तेव्हापासून फोनवर 'जेवलास काय?' म्हणून विचारलं, की उत्तरात क्लबाचा इतिहास ऐकायचा. तिथल्या कामगारांनी काढलेला हा क्लब. राजवट बदलली की याचं नाव बदलायचं, माणसं तीच. मग कुणी एक मालक आला, त्याने तो दुसऱ्या शहरातल्या क्लबात मिसळून टाकला, खेळायचा परवानाच उचलून तिकडे नेला. पाठीराखे म्हणाले, परवाना न्या, आम्ही काही येत नाही. त्यांनी अगदी तळातल्या लीगपासून नव्याने सुरुवात केली. मैदानावरच्या चुन्याच्या रेषा त्यांनीच मारल्या, म्हाताऱ्याची बायको गेटवर तिकिटं फाडायची. असं करत चढत चढत पुन्हा वरच्या लीगमध्ये आले. "आई, आजोबा आसते तर हयच येवन रवले आसते," पोरगा म्हणतो. रवला असतात तुम्ही, मला खात्री आहे.

पण त्याच क्लबाचा मफलर गळ्यात घातलेल्या दोघांनी हिवाळ्यात त्याला बसथांब्यावर ढकललं होतं. रंगावरून बोलले, आपल्या देशात जा म्हणाले, ओठ फोडला. हे त्याने मला सांगितलं नाही. व्हिडिओवर मला टाका दिसला, तेव्हा खोदून खोदून काढून घेतलं. मी म्हटलं, पुरे झालं हे. परत ये, हरमलला मावशीच्या पर्यटकांच्या खोल्या आहेत, त्या सांभाळ. तो म्हणाला, "शेवटची मॅच जावंदी, मागीर काय ता सांगतंय." ती शेवटची मॅच जिंकली तर क्लब वर राहणार, नाहीतर खाली. आणि हा ती बघणार कुठून? ते दोघे जिथे उभे असतात, त्याच स्टँडातून!

वास्कोतली तुमच्या क्लबाची ती मॅच आठवते तुम्हाला? तुमची बार्ज बंदरात रिकामी होत होती आणि तुम्ही तिथूनच परस्पर मैदानावर गेला होता. इथे घरी आई चुलीपाशी बसली आहे. माशाचं हुमण गार होतंय, ती परत ऊन करतेय. शेवटची बस येऊन गेली, तुम्ही नाही. मी तिच्या पदराला धरून. आणि मग तुम्ही कुणाच्या तरी ट्रकातून उतरता, डोक्याला पट्टी, शर्टावर रक्त, आणि चक्क हसताय. "काय जावक नाय गे माका. फातर लागलो. पण जिकलो!" आईने हुमणाचं भांडं तुमच्यापुढे आपटलं. "माका तुमचो क्लब नाका नि तुमचा जिकणा नाका. माका घोव होयो." तेव्हा मी तुमच्याबरोबर हसले होते. क्लब नको, नवरा हवा, हे आईचं बोलणं कळायला मला कालची संध्याकाळ लागली.

काल दिवेलागणीला मॅच सुरू झाली. चित्र नाहीच, फोनवर नुसते आकडे. एक-एक. बरोबरीने भागणार नव्हतं, आणखी एक गोल हवा होता. ह्यांना सांगायला गेले तर सोप्यावरूनच खेकसले, "माका कित्याक सांगतंस? झील घरा येवंदी, म्हणजे जाला." मग आकडे हलायचेच थांबले. खाली एक ओळ उमटली. भाषांतर करून बघितलं, तर प्रेक्षकांच्या गोंधळामुळे सामना थांबवला आहे. पोराला फोन लावला, लागेना. परत लावला. मेसेज जाईना.  त्या सगळ्या गोऱ्या गर्दीत माझा सावळा पोर एकटा.

तुम्ही मॅचीआधी गोलाच्या खांबापाशी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचात. मी एकदा मध्येच तोंड घातलं, तर मुलगी म्हणून सगळ्यांदेखत झापलंत, "चेडवांनी गाऱ्हाणा घालूचा नसता, फाटी सर!" काल मी नाही फाटी सरले. देवापुढे नारळ ठेवला, पदर खोचला आणि मोठ्याने सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू परमुलखात, परक्या माणसांत उभा आसा. तेच्या केसाक धक्को लागता नये. जे कोण तेच्या वायटावर आसत, तेंका बुद्धी दी रे म्हाराजा!" आणि पाठीमागून आवाज आला, "व्हय म्हाराजा!" हे दारात उभे होते, हात जोडून. 

फोन आला तोवर दोघंही तिथेच उभे होतो. मागे नुसता कल्लोळ. "आई, मी बरो आसंय." कुणीतरी मैदानात धुराची नळकांडी फेकली, स्टँडात धक्काबुक्की झाली, तेव्हा म्हाताऱ्याने आणि त्याच्या भावाने ह्याला दोघांच्या मध्ये घेतलं. "बसथांब्यावरचो एक थयच होतो गे. माझ्याकडे बघूक नाय. तो रडत होतो. मीय रडलंय." धूर गेल्यावर उरलेला खेळ झाला, पण आकडा एक-एकच राहिला. क्लब खाली गेला.

'घरी ये' हे शब्द माझ्या जिभेवर होते. तेवढ्यात तो म्हणाला, "आता बारक्या बारक्या गावांनी खेळूचा पडतला, आई. म्हातारो म्हणता, तूय येवक होयो." हे माझ्याकडे बघताहेत, आता बोलेल, मग बोलेल म्हणून. आणि मी काय बोलले? जाताना कानटोपी घाल म्हणाले. फोन ठेवल्यावर ह्यांनी कपाळाला हात लावला.

हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत जायचं नाही, आणि ह्यांच्या हाती तर मुळीच पडता कामा नये. कारण गाऱ्हाणं संपल्यावर, ह्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, मी देवाकडे एक गोलसुद्धा मागितला होता. पोरगा सुखरूप आहे, तेवढ्यावर गप्प बसावं की नाही माणसाने? पण खोटं कशाला बोलू, बाबा, तो गोल झाला नाही याची रुखरुख मला अजून लागून राहिली आहे.