रिजेक्ट फोल्डर

अप्पा, तुमचा कॉम्प्युटर मी एक्सचेंजमध्ये देऊन टाकला. रागावू नका, आधी सगळं ऐकून घ्या. तुम्ही गेल्यावर चौदा वर्षं तो निमूट चालला, पण हल्ली सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून मी आंघोळ आणि कॉफी दोन्ही उरकायची. पंख्याचा आवाज तर असा की खालच्या मजल्यावरच्या मामी विचारायला आल्या, नवा ग्राइंडर घेतला का म्हणून! शेवटी नवा आणला. जुन्यातलं मला फक्त गाण्यांचं पाहिजे होतं. तुमचं ‘पास’ नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, नव्यात टाकलं आणि ते धूड एग्मोरच्या दुकानात पोचवलं. शेजारचं ‘रिजेक्ट’ फोल्डर घेतलं नाही. विसरले नाही, मुद्दाम घेतलं नाही.

गिंडीच्या कारखान्यात व्हॉल्व्ह तपासण्यात तुमचा जन्म गेला आणि ती खोड तुम्ही घरी आणलीत. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दोसा उजेडाकडे धरून बघायचात. ‘कडेला जाड झालाय. रीवर्क.’ आई कालथा रोखून म्हणायची, ‘अहो इन्स्पेक्टर, रीवर्क पोटात गेल्यावर होईल, गिळा आता.’ माझ्या प्रगतिपुस्तकात विषयाविषयापुढे पेन्सिलीने बारीक टिक करायचात आणि मगच सही. गणितापुढे टिक कधी आली नाही. पण एक होतं, कारण दिल्याशिवाय तुम्ही काहीच नापास केलं नाहीत. ‘कारण नसलेला रिजेक्ट म्हणजे नुसता राग,’ असं मला सांगायचात, आणि मी मैत्रिणींशी अबोला धरला की हटकून सांगायचात.

रिटायर झाल्यावर तुमच्या तावडीत कॅसेटी सापडल्या. सगळी गाणी कॉम्प्युटरवर चढवायची. टेपरेकॉर्डरला सरळ वायर जोडता आली असती, पण वायरीतून गुणगुण ऐकू येते म्हणून ती तुम्ही पहिल्याच दिवशी नापास केलीत आणि टेपसमोर स्टुलावर माइक मांडलात. म्हणजे गाणं संपेपर्यंत घरात कुणी शिंकायचं नाही, भांडं आपटायचं नाही, आणि पंखा बंद! मद्रासच्या मे महिन्यात! कुठं खुट्ट झालं की ते रेकॉर्डिंग रिजेक्टमध्ये आणि पुन्हा पहिल्यापासून. ‘पुसून का टाकत नाही?’ असं आईने विचारलं तर म्हणालात, ‘नापास माल फेकत नाहीत. वेगळा ठेवतात.’ आई म्हणाली, ‘म्हणून मी अजून या घरात आहे.’

त्याच दिवसांत एकदा मी माहेरी आले होते. तुम्ही चष्मा शोधायला आत गेलात आणि माझी नजर स्क्रीनवर गेली. रिजेक्टमध्ये तीन ओळी होत्या: मुलगी-नवरात्र-१, मुलगी-नवरात्र-२, मुलगी-नवरात्र-३. पंधरा वर्षांची असताना नवरात्रात मांडतात त्या कोलूच्या बाहुल्यांपुढे, गल्लीतल्या झाडून सगळ्या मामींसमोर मी गायले होते आणि तुम्ही कॅसेटवर भरून ठेवलं होतं, ते गाणं. पासमध्ये शोधलं. नाही. म्हणजे तीनदा तपासून तीनदा नापास! तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही, आईने भरलेला डबा तिथेच ठेवला आणि निघून आले. तोवर मला कुणी विचारलं, गाणं का सोडलंस, की मी कसनुसं हसायची. त्या दिवसापासून उत्तर तयार असायचं: वडिलांनीच नापास केलं, मग कुणासाठी गाणार? ऐकणारे हळहळायचे. मला ते आवडायचं.

परवा रविवारी लेक आली. तिचं मराठी तुम्हाला माहीत आहे, तमिळच्या तोंडी लावण्यापुरतं. नव्या कॉम्प्युटरवर तिने पासमधली चार-पाच गाणी ऐकली आणि म्हणाली, ‘अम्मा, हे सगळं फोनवर मिळतं, याच्याहून क्लिअर. ताता कुठे आहेत?’ तुम्हाला ती अजून ताताच म्हणते. मला काही कळेना. ‘ऐय्यो, शेवटी ते बोलायचे ना! रिजेक्ट, कारण अमुक. मी मांडीवर बसून हसायची, तर एक माझ्यामुळे पण रिजेक्ट केलंय. आजी ओरडते, ते पण आहे. ते फोल्डर कुठाय?’

अप्पा, आई जाऊनही सहा वर्षं झाली, आणि तिचा एक शब्द माझ्याकडे कुठे साठवलेला नव्हता. चांगली, स्वच्छ गाणी तेवढी घरी आणली होती मी. माझ्या रुसव्यापायी तुम्हा दोघांना दुकानात सोडून आले होते.

तशाच निघालो, आणि पेरुंगुडीच्या घरून एग्मोरपर्यंत लेक रिक्षावाल्याला घाई करत होती. दुकानदार कपाळभर विभूती लावलेले, शांत गृहस्थ. मी हात जोडून म्हटलं, पुसला नाही ना? ते म्हणाले, उद्या पुसणार होतो. आत काय आहे, ऑफिसच्या फायली? मी म्हटलं, ‘नापास गाणी.’ त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग लेकीकडे, आणि वायरी जोडल्या. स्पीकर होता दुकानाबाहेर लावतात तसला. माझा पंधरा वर्षांचा आवाज अख्ख्या गल्लीत घुमला, त्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या, आणि मग तुम्ही: ‘रिजेक्ट. कारण, कुकर.’ दुसरीत खालून पालेभाजीवाली ‘कीरै, कीरै’ ओरडतेय आणि आई खिडकीतून, ‘अगं थांब, काल दिलीस ती सगळी किडकी होती!’ मग तुम्ही, दात आवळून: ‘रिजेक्ट. कारण, बायको.’ लेकीने तमिळमध्ये सांगितल्यावर दुकानदार इतके हसले की विभूती विस्कटली.

तिसरी लावली. काही आवाज नाही. गाणं स्वच्छ चाललंय, कुकर नाही, कीरै नाही, आई नाही. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, बेसूर म्हणून. आणि शेवटच्या कडव्याला माइकच्या अगदी जवळ कुणीतरी नाक ओढलं. मग हुंदका, दाबलेला, आणखी एक. गाणं संपलं तरी कितीतरी वेळ नुसती टेप फिरत होती. मग तुमचा तो कारखान्यातला आवाज, जरासा जड: ‘रिजेक्ट. कारण, इन्स्पेक्टर.’

चौथी फाईल नाही. तुम्ही पुन्हा प्रयत्नच केला नाहीत. मी दुकानात भोकाड पसरलं, दुकानदारांनी स्टूल दिलं, लेकीने पाणी आणलं. रिजेक्ट आता नव्या कॉम्प्युटरमध्ये आहे, लेकीच्या फोनवर आहे, आणि एक प्रत जावयाच्याही गळ्यात मारली आहे.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून इथेच ठेवते. पण इतकी वर्षं चारचौघांत तुमचं नाव पुढे केलं, तर खरं काय ते तुम्हाला तरी सांगायला हवं. गाणं मी सोळाव्या वर्षीच सोडलं, आणि ते पहाटे उठायचा कंटाळा म्हणून. गाण्याच्या टीचरना त्या वर्षी सारखा ताप यायचा ना, तुम्ही एकदा त्यांच्यासाठी माझ्याबरोबर संत्रीही दिली होतीत. त्या ठणठणीत होत्या, अप्पा. संत्री मी खाल्ली.