दहा वर्षांचं घर

मुरूम, ता. उमरगा, जि. धाराशिव
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप धुळाप्पा अण्णांना शंभुलिंगाचे शरणार्थ.

तुमचा डावा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर? म्हैस व्यायली का? इकडे आम्ही खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात मला आठ दिवस अन्न गोड लागत नाही, आणि त्याला कारण तुमची कन्या चि. गायत्री, इंजिनिअर. हे मी फोनवरही सांगितलं असतं. पण फोनवर तुम्ही आधी पाऊस सांगता, मग म्हैस सांगता, मग वहिनी फोन ओढून घेऊन महादेवीला मागतात. आणि मला जे बोलायचं आहे ते नेमकं महादेवीसमोर बोलता येत नाही. म्हणून कागदावर लिहितोय. शांतपणे वाचा आणि वाचून झाल्यावर वहिनींना देऊ नका. (दिलंतच तर वरचा शुगरचा भाग तेवढा वाचून दाखवा.)

तुमच्या बहिणीला, महादेवीला, दोन हिवाळ्यांत दोनदा न्यूमोनिया झाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या खेपेला उमरग्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, की या बाईंनी आता एकही थंडी उघड्यावर काढायची नाही, काढली तर पुढच्या वेळी मला बोलावू नका. मी घरी येऊन तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, जेवण केलं, आणि गोधडी काखोटीला मारून नेहमीसारखी अंगणातल्या पत्र्याखाली गेली. भूकंपाला बत्तीस वर्षं झाली अण्णा, आणि या बत्तीस वर्षांत ती एकदाही भिंतीच्या आत झोपलेली नाही. घर मी सिमेंटचं बांधलं, खांबाचं बांधलं, दोन इंजिनिअरांकडून तपासून घेतलं. ती दिवसभर त्यात वावरते, भाकऱ्या थापते, भांडते; दिवे लागले की बाहेर. उशाशी स्टीलच्या पेल्यांचा मनोरा रचून ठेवते, जमीन हलली तर तो पडून जाग यावी म्हणून. गाळपाच्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर जातात तेव्हा तो मनोरा पडतो, ती ओरडते, मी उठतो, शेजारचे माणिकप्पा उठतात, आणि माणिकप्पा उठले की त्यांना देवाचं म्हणायची सवय आहे. असा हा संसार. तिला एकटीला बाहेर टाकून मला आत झोप लागत नाही, त्यामुळे माझीही कंबर त्याच पत्र्याखाली गेली, पण ते कुणी विचारत नाही.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही. भूकंपाच्या रात्री ती माहेरी होती; कोसळलेल्या माळवदाच्या त्या मातीखालून तिला तुम्हीच हातांनी उकरून काढलंत, आणि तिच्या शेजारी निजलेल्या तुमच्या आईला, लक्ष्मम्मा आत्याबाईंनाही, तुम्हीच काढलंत. एक जिवंत निघाली, एक नाही. मी इथं मुरूमला एसटीच्या ड्यूटीवर होतो. त्या दिवशी मी तिथं नव्हतो ही गोष्ट मला अजून खाते, आणि खाते तेव्हा मी काहीतरी उपद्व्याप करतो. घर घेणं हा त्यातलाच एक.

झालं असं, की एप्रिलात आमच्या आगारातल्या अमरसिंह ड्रायव्हरच्या मुलाच्या लग्नाला आम्ही कोकणात गेलो. मुलगी रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्राकाठच्या एका खेड्यातली. बायकांची सोय एका कौलारू घरात केलेली. सकाळी चहा घेऊन मी महादेवीला अंगणात शोधतो तर ती नाही. विहिरीपाशी नाही. (विहिरीत वाकूनही पाहिलं, काय करणार?) शेवटी आत डोकावलो तर ही मधल्या खोलीत, कौलांच्या खाली, तोंड वर करून उताणी पडलेली. अण्णा, मी सरळ धरून चाललो की ही गेली. हातातला चहा सांडला, मी दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं, तर डोळे उघडून मला म्हणते, "काय वो, झोपू बी देत न्हाय का माणसाला?" दिवस कासराभर वर आला होता. लग्नाची माणसं दारात जमली. मी रडत होतो आणि ती माझ्यावर खेकसत होती, त्यामुळे व्याह्यांकडच्या लोकांचा आमच्याबद्दल काय समज झाला असेल तो असो.

परतीच्या गाडीत मी हळूच विचारलं, आत कशी काय झोपलीस? खिडकीबाहेर बघत म्हणाली, "रातभर आवाज येतो तिथं पाण्याचा. कुणीतरी जागं हाय असं वाटतं. आपल्याकडली जमीन लई गुमान असती."

मी लगेच अमरसिंहाला फोन लावला, की तिथं कुठलं घर विकाऊ आहे का. होतं. समुद्राच्या बाजूला मागची भिंत, पुढं अंगण, दोन खोल्या, पडवी, आणि मालक मुंबईला जायला उतावीळ. तुम्ही तेव्हाच म्हणाला होता, "दाजी, डोस्कं फिरलंय तुमचं." पण मी काही डोळे मिटून घर घेणारा नाही. मी रीतसर तपासणी केली, आणि दोनदा केली.

पहिल्या तपासणीला मी भूमच्या लिंबाजी पाणाड्याला नेलं. आता हसू नका. आपल्याकडं जागा घ्यायची म्हटली की आधी पाणाड्या, मग तलाठी, मग बायको, ही पद्धत तुमच्याच घराण्यानं मला शिकवली. (तुमच्या बोअरची जागा यानंच दाखवली होती आणि साडेपाचशे फुटांवर फुफाटा लागला, हे मी मुद्दाम काढत नाही.) लिंबाजीची रीत तुम्हाला माहीत आहे: तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, अनवाणी चालायचं, पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो. भूमच्या माळावर तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिंडतो तेव्हा कुठं एकदा नारळ उठतो, आणि उठला की लोक त्याच्या गळ्यात हार घालतात. इथं एसटीतून उतरून त्यानं हातावर नारळ ठेवला आणि तो तिथंच उभा राहिला. चार पावलं गेला, उभा. अंगणात उभा, पडवीत उभा, चुलीपाशी उभा, भर डांबरी रस्त्यावर उभा. पोरीबाळी गोळा झाल्या. घरमालकीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे नारळ आहेत हो, हा कशाला एवढ्या लांबून आणलात? लिंबाजीला घाम फुटला. दिवस मावळायला तो पायरीवर बसला, नारळ बाजूला ठेवला आणि इतक्या बारीक आवाजात बोलला की मला वाकावं लागलं: "साहेब, जिंदगीत पहिल्यांदा वाटाया लागलंय, हा नारळ माझ्याच हातानं हलतोय का काय." त्यानं तेव्हापासून जागा दाखवायला जाणं बंद केलंय म्हणतात. त्या म्हाताऱ्याची चाळीस वर्षांची श्रद्धा मी माझ्या खर्चानं बुडवून आलो. आणि पाणी किती आहे हे पाहण्याच्या नादात चव कुणी पाहिलीच नाही; ते उन्हाळ्यात मचूळ होतं, हे पुढं गायत्रीनं शोधलं.

तर गायत्री. ती पुण्याला हेच काम करते, लोक घर घेण्याआधी तिला नेतात, ती भिंती ठोकून कागद लिहून देते, हे मला माहीत होतं. पण लोक आपलं घर दुसऱ्याला नावं ठेवण्यासाठी दाखवतात हे मला पटत नव्हतं. लिंबाजीची हकिगत ऐकून तीच म्हणाली, "मामा, तुम्ही घर घेताय का विहीर?" दिवाळीच्या सुट्टीत आली. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात जन्मलेली पोर. घराकडं ती तुमच्यामाझ्यासारखी बघत नाही, फौजदार आरोपीकडं बघतो तशी बघते. हातोडी, बॅटरी, टेप, आणि भिंतीला टेकवलं की आकडा दाखवणारं ओल मोजायचं यंत्र. मी माझी तपासणी स्वतंत्रपणे चालू ठेवली होती. म्हणजे प्रत्येक खोलीच्या मधोमध उभं राहून उडी मारायची आणि काही हलतंय का बघायचं. अडुसष्टाव्या वर्षी मी त्या घरात नऊ उड्या मारल्या. नवव्या उडीला शेजारचा कोळी विचारायला आला, की आत कुणाला लागलंय का. भिंत हलली नाही, आढं हललं नाही, कौल हललं नाही. मी छाती फुगवून सांगितलं, बघ, पक्कं घर आहे. तुमची कन्या शिडीवरून म्हणाली, "मामा, भूकंप तुमच्या डोक्यातला हाय. हितली भीती वेगळी हाय. चला तिकडं मागं."

मागं नेऊन तिनं मला दाखवलं ते असं: समुद्राकडच्या भिंतीचे जांभ्याचे चिरे खाऱ्या वाऱ्यानं भुसभुशीत झालेले, बोट लावलं की पीठ. दारावरच्या तुळईतल्या सळया गंजून फुगलेल्या, त्यांनी सिमेंट फोडून बाहेर डोकं काढलेलं. आणि भरतीची खूण मागच्या भिंतीपासून एकवीस पावलांवर. तिनं त्या कोळ्याला विचारलं, पूर्वी किती होती? तो म्हणाला, माझ्या लग्नात साठावर होती, मध्ये सुरूची झाडं होती, ती गेली. लग्नाला किती वर्षं झाली? वीस. गायत्रीनं तिथंच वाळूत बोटानं भागाकार केला आणि माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं.

अहवाल तिनं माझ्यासाठी मुद्दाम मराठीत लिहिला. सहा पानी, फोटोंसकट. त्याचा सारांश: भूकंपाचा धोका नगण्य, दुरुस्ती केल्यास छप्पर व भिंती राहण्यायोग्य, मात्र समुद्र सरकत असून सुमारे दहा वर्षांत मागची भिंत व त्यानंतर घर जाईल, सरकारी नियमाप्रमाणे तिथं पाडून नवं बांधता येणार नाही, सबब खरेदी करू नये. खाली सही, शिक्का. सख्ख्या आत्याच्या नवऱ्याला शिक्का! मी तिला म्हटलं, बाळ, एवढं 'सबब' काढून टाक. तर म्हणते, "आत्यासाठीच लिहिलंय मामा. तिच्या डोक्यावर दुसऱ्यांदा घर पडलं तर मी तुमाला तोंड दाखवू कशी?"

मी अहवाल घरी आणून लपवला. महादेवीला एवढंच सांगितलं, की तपासणी चालू आहे. काल मुरूमला पहिली थंडी पडली. तिनं गोधडीवर गोधडी घेतली आणि पत्र्याखाली गेली, आणि सकाळपर्यंत खोकत होती. मला आता काही सुचत नाही, अण्णा. सिमेंटचं घर तिला झोपू देत नाही, झोपू देणारं घर समुद्र नेणार, आणि अंगण तर डॉक्टरांनी बंदच केलंय.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला एरंडाचं तेल लावा, मात्र स्वतः लावा, वहिनींना वाकायला लावू नका.

तुमचा,
शंभुलिंग

ता. क. खरं काम पुढंच आहे. गायत्री तुमचं ऐकते. तिला सांगून एक दुसरा अहवाल लिहून घ्या, दोन पानी चालेल, की घर भक्कम आहे, पन्नास वर्षं काही होत नाही. शिक्का मोठा मारायला सांगा. तो महादेवीला दाखवायचा आणि घर घ्यायचं. पाप लागलं तर मला लागेल. ती निदान झोपेल तरी.

ता. क. २. सोमवार सकाळ. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. वरचा दुसरा अहवाल लिहवून घेऊ नका. पहिला मी ज्वारीच्या डब्यात लपवला होता. (ज्यानं जन्मात एक भाकरी थापली नाही, त्याला कसं कळावं की त्या डब्यात रोज कुणाचा हात जातो?) महादेवीनं तो शनिवारीच काढला, चष्मा लावून दोन दिवसांत सहाही पानं वाचली, फोटो पाहिले, आणि आज मला समोर बसवून विचारलं, "हे दहा वर्सं पोरीनं लिवलंय ते खरं हाय न्हवं?" मी मान खाली घालून म्हटलं, व्हय. तर म्हणते, "मग घ्या की. आईच्या घरानं दहा पळं बी आदी सांगितलं न्हाय. हे दहा वर्सं आदी सांगतंय. येवढं इमानदार घर मला कवा मिळायचं? दहा वर्सं आत झोपू, मंग बघू." मी म्हटलं, मग कुठं जाणार? ती म्हणाली, "तवर आपण ऱ्हातो का, ते लिवलंय का त्यात?" ते काही गायत्रीनं लिहिलेलं नाही.

ता. क. ३. खरेदीखत तेवीस तारखेच्या आठवड्यात, तिकडच्या कचेरीत. साक्षीदार लागतात. मी अमरसिंहाचं नाव काढलं तर तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, "अण्णाच पायजे," म्हणाली, आणि पुढचं तिच्याच शब्दांत लिहायला लावलं: "मला घराखालनं ज्यानं काढलं, त्यानंच मला घरात नेऊन सोडावं." नाही म्हणू नका, अण्णा. सोलापूरला मी गाडीपाशी उभा राहतो.