नको म्हटलेल्या फोटोंची व्यवस्था

मी, प्रमोदिनी अनंतराव चौसाळकर, वय सदुसष्ट, अविवाहित, राहणार समर्थनगर, औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. कुणाला शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पूर्वी केलेलं मृत्युपत्र, ज्यात माझं सगळं भाचा वरद याच्या नावे होतं, ते मी रद्द करते.

१. राहता फ्लॅट माझी वहिनी नीरजा हिला द्यावा. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक. ती वरदची आई आहे, हे काम तिला जड जाईल, मला कळतं. पण कलम पाचमध्ये लिहिलेला प्रकार मला तिनेच येऊन सांगितला. पोटच्या पोराला पाठीशी घातलं नाही. तिच्याशिवाय आता मी कुणावर भरवसा ठेवू?

२. दोन्ही कॅमेरे आणि फोटो धुण्याचं सगळं सामान माझी विद्यार्थिनी सुकेशनी हिला. रस्त्यावर फोटो काढताना तिचा हात अजून कापतो. कापू दे.

३. पुढचं कलम समजायला माझी कामाची रीत सांगते. सांगून फोटो काढला की माणसं लग्नातल्यासारखी ताठ उभी राहतात. म्हणून गुलमंडीत, शहागंजात, बसस्टँडवर मी न विचारता फोटो काढले. भांडणारे, रडणारे, हात उगारलेले. पण नंतर प्रिंट घेऊन त्या माणसाला हुडकून काढायचे आणि विचारायचे, ठेवू का? नको म्हणाला, तर निगेटिव्हच्या कडेला कात्रीने खाच पाडायची. खाच पडलेला फोटो कुणाला दाखवायचा नाही, छापायचा तर नाहीच. वरदच्या हातात ती कात्री मीच दिली होती. तो शाळेत होता तेव्हा.

४. दोन हजार तेराच्या दुष्काळात पाचोडकडची सखूबाई नावाची एक बाई मेंढरं विकून लेकीला, ज्ञानेश्वरीला, घेऊन पैठण रस्त्यावरच्या चितेगावला कारखान्यात कामाला आली. तिथे टँकरच्या नळीवरून तिची जावेशी जुंपली. सखूबाईने रिकामी घागर डोक्यावर उगारली, तेव्हा मी फोटो काढला. आयुष्यात त्याहून चांगला फोटो मला साधला नाही. आठवड्याने प्रिंट घेऊन गेले. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "नका छापू, बाई. ज्ञानेश्वरीचं लगीन व्हायचंय. माय लई भांडकुदळ हाय म्हनतील."

मी म्हटलं, जाळून टाकते.

"जाळू बी नका. माजा दुसरा फोटूच नाय. म्हातारी झाल्यावर बघंन."

मी शब्द दिला. खाच पाडली.

५. यंदाच्या उन्हाळ्यात मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. घराची किल्ली वरदकडे होती. त्याची जाहिरातीची कंपनी आहे. मी घरी येईपर्यंत पैठण रस्त्यावर एका बिल्डरचा मोठा बोर्ड लागला होता. त्यावर घागर उगारलेली सखूबाई, आणि खाली लिहिलेलं: "भांडण संपलं! आमच्याकडे नळाला चोवीस तास पाणी." सखूबाई रोज त्याच रस्त्याने कामाला जायची. ज्ञानेश्वरीची सुपारी फोडायला निघालेले पाहुणेही त्याच रस्त्याने आले. बोर्ड बघून जीप वळवून परत गेले.

मी वरदला विचारलं, "खाच दिसली नाही का रे तुला?"

"दिसली ना, आत्या. पण केवढा जिवंत चेहरा आहे! डब्यात कुजवत ठेवायचा का? आणि त्या बाईला कोण ओळखतंय?"

दिसली म्हणाला. न दिसती तर मी माफ केलं असतं. या मुलाला मी मांडीवर घेऊन अंधाऱ्या खोलीत कागदावर उमटणारे चेहरे दाखवले. त्याने माझा गळा कापला आणि वर माझ्याच फोटोचं कौतुक केलं.

मी काठी टेकत चितेगावला गेले. सखूबाईने घरात बोलावलं नाही. भाच्याने केलं, असं मी सांगितलं.

"व्हय, भाच्यानं आसंल. पर मी भाच्याला कुटं वळकते? मी तुमाला वळकत व्हते."

तिने दार लावलं. तिचं काय चुकलं?

६. म्हणून, खाच पाडलेल्या सर्व निगेटिव्हवरचा हक्क त्या त्या फोटोतल्या माणसाचा. सखूबाईची निगेटिव्ह नीरजा वहिनीने स्वतः चितेगावला नेऊन तिच्या हातात द्यावी. दारात टाकून येऊ नये. तिने घेतली नाही, तर ज्ञानेश्वरीला विचारावं. तीही नको म्हणाली, तर दोघींच्या डोळ्यांदेखत जाळावी. खाच नसलेले फोटो सुकेशनीचे. वरदने आपल्याकडच्या सगळ्या प्रती पुसाव्यात. वकील म्हणतात, हे मृत्युपत्राने करवून घेता येत नाही. नसेल येत. तरी लिहिते.

७. वरदला काहीही देऊ नये.

८. मी गेल्यावर तो येईल. रडेल, आणि ते रडणं खोटं नसेल. मग खिशातून मोबाइल काढेल. वहिनी, तेव्हा माझ्या तोंडावर चादर ओढ आणि त्याला खोलीबाहेर काढ. त्या वेळी मला बोलता येणार नाही, म्हणून दोन साक्षीदारांसमोर आजच सांगून ठेवते: माझा फोटो काढायचा नाही. मी नको म्हणते आहे.

सही: प्रमोदिनी अनंतराव चौसाळकर

आमच्यासमक्ष बाईंनी हे वाचून दाखवलं आणि सही केली.
साक्षीदार:
१) अंगद कडुबा वाघमोडे, बजाजनगर (सही)
२) तात्यासाहेब गोविंदराव परतूरकर, समर्थनगर (सही)

औरंगाबाद, १९ ऑगस्ट २०१६