पेवातला क्लॅरिओनेट

६ जानेवारी १९६५, बुधवार
आज क्लॅरिओनेट आणला. काळाभोर, चकचकीत चाव्या, पेटीला आतून लाल मखमल. साताऱ्याचा धोंडिराम बँडवाला लग्नसराईसाठी सांगलीत उतरलेला, अजून इथंच आहे, त्याच्याकडून घेतला. त्याला रेडिओ हवा होता, मला क्लॅरिओनेट. बायको गुणमाला बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, पूजेला गेली होती तेवढ्यात अदलाबदल उरकली.

रेडिओ तसा गुणमालाचा. सांगलीचं स्टेशन सुरू झालं त्या भाऊबीजेला तिच्या भावाने, मदनने, इस्लामपुराहून मांडीवर धरून आणलेला. पण तो राहात होता माझ्या घरात, मी ठोकलेल्या फळीवर. म्हणजे निम्मा माझा झालाच. मी माझा निम्मा दिला. तिचा निम्मा त्याला जोडलेला होता, त्याला माझा इलाज नाही.

घरी सांगितलं, व्हॉल्व्ह गेला, रेडिओ मिरजेला दुरुस्तीला टाकलाय. खरं काय ते उद्या सांगायचं. आज ती भाकऱ्या करत होती. हात पिठात असलेल्या माणसाला असलं काही सांगू नये.

प्लॅन: तीन महिन्यांत शिकायचं. पाडव्याला मदन येतो. तेव्हा त्याच्यासमोर नाट्यसंगीतातलं एक पद झोकात वाजवायचं, आणि वाहवा चालू असतानाच सगळं सांगून टाकायचं. इतकं ऐकल्यावर रेडिओची आठवण कोणाला राहणार.

७ जानेवारी
सांगितलं नाही. तिला सर्दी आहे.

८ जानेवारी
वय एकेचाळीस. चाळिशीनंतर फुंकेला वजन येतं असं धोंडिराम म्हणाला. (मी विचारल्यावर म्हणाला.) त्याने बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं, तोंडात धरायची पत्ती ओली कशी करायची ते दाखवलं, आणि बाकी आपोआप येतं म्हणाला.

कपाटात रेडिओचं लायसन्स सापडलं. पोस्टातून काढलेलं, सौ. गुणमाला बाळगोंडा पाटील या नावाने. म्हणजे कायद्याने रेडिओ अजून आमचाच आहे. मनावरचं ओझं बरंच उतरलं.

१० जानेवारी
गुणमाला बाहेर गेल्यावर दार लावून अर्धा तास प्रॅक्टिस. शेजारच्या चंद्राबाई ओवा घेऊन आल्या. कोणाच्या पोटात दुखतंय म्हणून विचारत होत्या. मी म्हणालो, माझ्याच. ओवा खावा लागला.
घरी प्रॅक्टिस बंद. जागा शोधणे.

१२ जानेवारी
जागा सापडली. मी हळदीच्या आडतीत दिवाणजी, आणि आडतीची पेवं हरिपुरात. बाहेरून पाहिलं तर जमिनीत माणूस जेमतेम उतरेल एवढं भोक, आत घागरीसारखं वीस फूट खोल पोट. नवी हळद मार्चअखेरीस भरेपर्यंत दोन पेवं रिकामी. दुपारच्या सुट्टीत सायकलवर जायचं, आत उतरायचं, वाजवायचं. वर राखणीला बिराप्पा. त्याला सांगितलं की भिंती तपासायच्या आहेत.

बिराप्पाने आधी दोरीला कंदील बांधून आत सोडला. पेवात वारं कोंडलेलं असतं. कंदील विझला तर माणसाने उतरायचं नसतं. विझला नाही. उतरलो, फुंक मारली.

काय आवाज. खोल, भरदार, चारी बाजूंनी. आपल्यात एवढं असेल असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत
घोटाळा झाला. गुणमालाने आल्यागेल्या सगळ्यांना तिळगूळ दिला, स्वतः घेतला नाही. विचारलं तर म्हणाली, नेम धरलाय, गूळ आणि साखर सोडली. किती दिवस म्हणून विचारलं तर म्हणाली, पुरा होईपर्यंत.

आमच्यात बायका असले नेम धरतात, कोणी तूप सोडतं, कोणी मीठ. पण सांगलीत राहून गूळ सोडायचा म्हणजे काय. वारा फिरला की अख्ख्या गावाला गुळाचा वास येतो. आणि हिला चहासुद्धा गुळाचाच लागतो.

म्हणजे हा नेम रेडिओ परत येईपर्यंतचा, उघड आहे. तिला सगळं सांगायला हवं. संक्रांतीला मात्र गोड बोलायचं असतं, म्हणून थांबलो.

१८ जानेवारी
बाराला तिचा बायकांचा कार्यक्रम असतो. त्या वेळी ती सूप घेऊन रेडिओसमोर तांदूळ निवडायला बसायची. आज जेवायला घरी होतो. ती तिथंच बसली, रिकाम्या फळीसमोर. बघवलं नाही. उद्यापासून दुपारी डबा न्यायचा.

२२ जानेवारी
'सा' लागला. चार वेळा ओळीने. पेवातून बाहेर आलो तर धोतर, सदरा, कान, क्लॅरिओनेट सगळं हळदीने पिवळं. बिराप्पा म्हणाला, नवरदेव निघाला. मी त्याला विचारलं, वर कसं ऐकू येतं. तो म्हणाला, "दिवाणजी, मला न्हाई त्यातलं कळत. पर बकरी आता हितं चरत न्हाईत."
जनावरांना सूर माणसांआधी कळतो.

घरी आलो तर फळीवरचा क्रोशाचा रुमाल दिसला नाही. रेडिओवर टाकायला तिने स्वतः विणलेला. धुवायला टाकला असेल.

२ फेब्रुवारी
सा, रे आणि जवळजवळ ग.
ती बिनसाखरेचा काळा चहा पिते. तोंड वाकडं करत नाही. केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. माझ्या कपात मात्र तिने हल्ली गूळ वाढवलाय. म्हणते, उरतो. मी पितो, कारण फेकणं बरं नव्हे.

९ फेब्रुवारी
मनाला उभारी यावी म्हणून लायसन्स बघायला कपाट उघडलं. लायसन्स नाही. कप्पा उलटापालटा केला. उंदीर. तिला विचारावं तर विषय निघतो.

१५ फेब्रुवारी
ती आपण होऊन म्हणाली, मिरजेचं काय झालं. मी म्हणालो, व्हॉल्व्ह मुंबईहून यायचाय. ती बरं म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मी धोतरावरची हळद झटकली.

गुणमाला खोटं बोलत नाही. धर्मात सांगितलंय म्हणून नव्हे, तिला जमतच नाही. चंद्राबाईंनी नवं लुगडं दाखवलं तर रंग जाईल हे तोंडावर सांगून मोकळी होते. अशा बाईशी खोटं बोलणं फार सोपं असतं, तिला संशयच येत नाही. हे लिहिताना मला कसंसंच होतंय. म्हणून इथेच पुरे.

२७ फेब्रुवारी
पत्ती चिरली. धोंडिरामला शोधायला गेलो तर तो महिन्यापूर्वीच साताऱ्याला परतलेला. चिरलेल्या पत्तीवरच प्रॅक्टिस. पेवात फरक कळत नाही. खरा कलावंत हत्यारावर अवलंबून नसतो.

११ मार्च
पद अर्धं बसलं. मुखडा म्हणजे तर डोळ्यांत पाणी. हळदीची धूळ होती हे खरं, पण नुसत्या धुळीने एवढं येत नाही.

पद संपवून बघतो तर कंदील पणतीएवढा झालेला. वरून बिराप्पा ओरडला, "वर या आधी. आतलं सगळं वारं तुमीच फुकून संपीवलंसा." दोरीला धरून ओढून काढावं लागलं. काठावर पडल्या पडल्या एकच विचार आला, की आत्ता मेलो असतो तर तिला खरं कळलंच नसतं, आणि ती जन्मभर गूळ न खाता मिरजेच्या रेडिओची वाट बघत बसली असती. ठरवलं, आज संध्याकाळी सांगायचंच.
संध्याकाळी तिने पाय चेपून दिले. अशा वेळी सांगणं म्हणजे उपकाराची फेड अपकाराने.

२४ मार्च
नव्या हळदीने दोन्ही पेवं भरली, तोंडं लिंपून टाकली. प्रॅक्टिस बंद. तयारी मात्र पूर्ण आहे. आता उघड्यावर वाजवून आवाज शिळा करायचा नाही, एकदम पाडव्यालाच.

१ एप्रिल
मदन आला. साखर कारखान्यात आहे, येताना बहिणीसाठी पाच शेर साखर घेऊन आला. तिने हसत हसत डबा भरून ठेवला. आत जाऊन सांगणार होतो. पाहुण्यांदेखत नको म्हटलं. उद्या वाजवलं की आपसूक होईलच.

२ एप्रिल, पाडवा
जेवणाआधीच क्लॅरिओनेट काढला. मदन पाटावर, गुणमाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, चंद्राबाई पलीकडे गुढीपाशी. मान हलवली, दम भरला, मुखडा धरला.

हे काय निघालं ते मला सांगता येत नाही. पेवातला आवाज माझा नव्हता, पेवाचा होता. माझा हा असा, बारीक, चिरका, वाट चुकलेल्या करडासारखा. मध्ये थांबलो, पत्ती ओली केली, पुन्हा धरला. त्यापेक्षा वाईट. चंद्राबाई म्हणाल्या, "अग्गो बाई, म्हंजी त्यो ओवा ह्याच्यासाठी हुता व्हय." आणि घरात गेल्या.

वाहवा नसल्यामुळे सांगायला जागाच उरली नाही. मदनने सभ्यपणे विचारलं, रेडिओ कुठं दिसत नाही. मी म्हणालो, मिरजेला. तो म्हणाला, किती दिवस. गुणमाला म्हणाली, तीन महिने. मदन पाटावरून उठलाच. म्हणाला, मिरजेत आपल्या ओळखीचे आहेत, आत्ता जाऊन घेऊन येतो, पावती द्या.

मी सदऱ्याचा खिसा चाचपला. दुसरा चाचपला. हळद निघाली. मदन हात पुढे करून उभा. मी गुणमालाकडे बघितलं. का बघितलं कोणास ठाऊक, चूक माझी होती.

ती म्हणाली, "मदन, बस तू. रेडिओ मीच दिऊन टाकला. ह्यांना शिकायची लय हौस हुती."

आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आधी तेच वाटलं, खोटं कशाला लिहू. मग मदनचं तोंड दिसलं. बहिणीने आपली ओवाळणी असल्या पिपाणीसाठी देऊन टाकली, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. जेवायला बसला तो पोळी अर्धी टाकून उठला. ताटावर बसलेली गुणमाला नुसती आमटी-भात कालवत होती, पुरणाला बोट नाही. मला तीन पोळ्या वाढल्या होत्या. खाल्ल्या. माझी मलाच लाज वाटते.

३ एप्रिल, शनिवार, सकाळ
सातच्या एसटीने मदन गेला. गुणमाला तांदूळ निवडत होती. हात मोकळे नव्हते तिचे, तरी सांगितलं. सगळं. धोंडिराम, व्हॉल्व्ह, पेव, सगळं. तिने खडे काढणं थांबवलं नाही. म्हणाली, "ठाऊक हाय."

धोंडिराम संक्रांतीच्या आदल्या दिवशीच घरी आला होता. मी हरिपुरात पेवात. लायसन्सशिवाय रेडिओ ठेवला तर पकडतात, म्हणून तो नावबदलासाठी सही मागायला आला. बाईंना काहीच माहीत नाही हे बघून बिचारा घाबरला, रेडिओ परत आणून देतो म्हणाला. कशाला घेतला म्हणून हिने विचारलं. साताऱ्याला त्याची आई अंथरुणाला खिळलेली, दिवसभर भिंतीकडे बघत पडून असते, तिच्या उशाला ठेवायला. हिने सही दिली, लायसन्स दिलं. आठवड्याने तो गावी निघताना पुन्हा भेटून गेला, तेव्हा रेडिओवर धूळ बसू नये म्हणून रुमालही दिला.

मी म्हणालो, मग नेम कशाला. रेडिओ तर तूच दिलास.

ती म्हणाली, "रेडिओसाठी न्हवता त्यो. तुमी आपल्या तोंडानं खरं सांगावं म्हनून हुता."

मी आत धावलो, गुळाचा खडा घेऊन आलो, तिच्यापुढे धरला. नेम पुरा झाला की, म्हणालो. तिने माझा हात बाजूला केला. तुमचं केलेलं अंगावर घेऊन भावासमोर खोटं बोलले, म्हणाली, आजवर कधी बोलले नव्हते, त्याचं प्रायश्चित्त म्हणून आता दिवाळीपर्यंत गूळ नाही. मग सूप पाखडत म्हणाली, "परवा सांगितलं असतंसा, तर मदनसंगट पोळी खाल्ली असती मी."

एवढंच. रागावलीसुद्धा नाही.

दुपार
क्लॅरिओनेट पेटीत घालून फळीवर ठेवला, रेडिओच्या जागी. तिने तो खाली काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, आता रेडिओ तर नाही, निदान एक गाणं नीट शिका, आणि इथे बसून शिका, जमिनीत नको. बाराला ती सूप घेऊन बसली, मी समोर बसून 'सा' लावला. लागला नाही. ती तांदूळ निवडत राहिली.

निश्चय: आजपासून मीही गूळ आणि साखर सोडली, तिच्या बरोबरीने, दिवाळीपर्यंत. आणि यापुढे काही लपवायचं नाही. मन कसं स्वच्छ झालंय.

सायंकाळ, साडेपाच. आडतीवर
नव्या हळदीचा पहिला सौदा झाला. मुहूर्ताचा गूळ वाटला. तोंडात गेल्यावर आठवलं. चारचौघांत थुंकता येईना, म्हणून गिळला. दुसरा खडा का घेतला ते लक्षात नाही.

घरी जाऊन गुणमालाला सांगायलाच हवं. पण आत्ता भाकऱ्यांची वेळ. तिचे हात पिठात असतील.