भिंतीचं नाक

ती. ताईस धाकटीचा साष्टांग नमस्कार.

तुझी गोधडी पोचली. टपालखर्च गोधडीहून भारी पडला असेल! नातीचा खोकला देवाच्या कृपेने थांबला.

बाहेरच्या भिंतीतल्या भोकांतून गार वारा येतो, म्हणून मीच त्यांत चिंध्या कोंबल्या होत्या. भिंत आतून ओलावली आणि पोर खोकून बेजार झाली. दुहेरी भिंतीच्या पोकळीतली ओल अशा भोकांवाटे बाहेर कशी जाते, त्याचं गणित मांडणं हेच सूनबाईचं काम. पण घरच्या भिंतीचं जुळेना. शेवटी म्हणाली, "आई, भिंतीचं नाक कोणी दाबलंय?" मी कबूल केलं, तर रागवायची सोडून हसत सुटली. देवाने सून दिली ती अशी.

पण ताई, मागच्या पत्रात तुमच्या भिंतीचीही भोकं बुजवायला मीच सांगितलं होतं. आजच मोकळी करा. तुझा दमा कसा आहे, ते उलट टपाली कळव.