घोड्याच्या कानामागची रेघ

२ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीने नवं नाणं आणलं. परत! मागचं आणून महिनाही झाला नसेल. खालच्या मजल्यावरून हाका मारतच जिना चढली — "ताई, आहात का? ताई, डोळे मिटा!" मी काय लहान बाळ आहे डोळे मिटायला? गॅसवर दूध होतं. ते टाकून डोळे मिटून उभी राहू?

नाण्यांचा नाद या घरात आणला मी. ही लग्न होऊन आली तेव्हा हिला चांदी कुठली आणि कथिल कुठलं ते कळत नव्हतं. "हे काय हो ताई, ते काय हो ताई" करत माझ्या मागेमागे फिरायची. आणि आता नाणेसंग्राहकांच्या मंडळात नवे सभासद मला विचारतात, "तुम्ही त्यांच्या मोठ्या जाऊबाई ना?" त्यांच्या!

तर नाणं. तिने तळहात पुढे केला. चांदीचं, मध्ये घोडा, पुढचा एक पाय उचललेला. आणि कानामागून निघून थेट कडेपर्यंत गेलेली केसाएवढी रेघ.

हा तर आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा घोडा!

"हातात घ्या ना," म्हणाली. मी म्हटलं, "हात ओले आहेत माझे." कोरडे ठणठणीत होते. कशाला घेऊ हातात? तिने मिरवावं आणि मी वजन करून द्यावं?

दूध उतू गेलं ते वेगळंच.

३ फेब्रुवारी

काल झोप लागली नाही नीट. आज लॅबमध्ये जरा मोकळीक मिळाल्यावर मागच्या कपाटातलं खोकं काढलं.

मी कवळ्या करते. दातांच्या दवाखान्यामागची खोली, डॉक्टर होते तेव्हापासून माझी. डॉक्टर रोगी संपले की खिशातून नाणं काढायचे आणि मी उरलेल्या प्लॅस्टरमध्ये त्याची नक्कल पाडायचे — आधी मेणात दाबायचं, मग प्लॅस्टर ओतायचं, दातांसारखंच. त्यांच्या बहुतेक नाण्यांची मी अशी पांढरी जुळी भावंडं करून ठेवली.

पण नाणं ते सहजासहजी हातात देत नसत. आधी पूर्वीच्यांची नावं. या घोड्याच्या वेळी म्हणाले, "आधी हा एका तिकीट तपासनिसाचा. मग चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईंचा, त्यांनी याची चित्रंही काढली. मग माझा. म्हण बघू." तिघांची नावं मला पाठ म्हणायला लावली, तेव्हा कुठे घोडा तळहातावर आला. "आपण मालक नव्हे गं, मधली माणसं. ज्याने सांभाळलं त्याचं नाव घ्यावं, एवढंच आपलं काम."

आणि एकदा, अगदी सहज, हात धुता धुता — "माझ्यानंतर हा घोडा तुझा."

ते गेले. मुलांनी सगळी नाणी ढिगाने विकली. प्रत्येक नाण्याखाली नावांची चिठ्ठी असे, त्या केरात गेल्या. मी काय बोलणार? तोंडी शब्दाला कोण विचारतो? प्लॅस्टरचं खोकं कुणाला नको होतं, ते माझ्याकडे राहिलं.

पांढरा घोडा काढून खिडकीपाशी धरला. आहे! रेघ आहे! कानामागून निघून कडेपर्यंत. माझी नजर अजून शाबूत आहे म्हणायची.

म्हणजे ज्याची मी इतकी वर्षं वाट बघितली तो घोडा माझ्याच घरी आला. एक मजला खाली.

५ फेब्रुवारी

धाकटी मंडळाच्या प्रदर्शनाचा तक्ता भरत बसली होती, माझ्याच टेबलावर. "ताई, 'पूर्वीचे संग्राहक' या ओळीत काय लिहू? व्यापारी म्हणतो माहीत नाही. बिचारा अनाथच आहे हो घोडा!"

"मला काय विचारतेस," म्हटलं.

"तुम्हाला सगळं ठाऊक असतं ना."

ठाऊक आहे. तेच तर दुखणं आहे. तीन नावं जिभेच्या टोकावर आहेत. मी सोडून दुसऱ्या कुणाला ती माहीतही नाहीत. मी बोलले की डॉक्टर परत कागदावर येतील, बाई येतील, तपासनीस येईल. आणि त्यांच्याखाली कोण? धाकटी! माझ्या जागेवर! अनाथ घोडा एका दिवसात खानदानी होईल, मंडळातले सगळे तिच्याभोवती गोळा होतील, आणि ही माझ्या गळ्यात पडून म्हणेल, "ताई, तुमच्यामुळे!"

नाही. आयत्या बिळावर नागोबा होऊ देणार नाही मी.

यंदा प्रदर्शनाची पुस्तिका निघणार आहे. त्यात छापून येईल ते पुढचे सगळे उतरवून घेतात, मग तेच खरं. म्हणजे डॉक्टरांना यायचं असेल तर यंदाच. हे मला कळत नाही असं नाही.

८ फेब्रुवारी

जळते मी. लिहून टाकलं.

१० फेब्रुवारी

आज एका आजोबांच्या वरच्या कवळीत सुळा चुकीच्या बाजूला बसवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! नवा साहेब हसला, म्हणाला, "बाई, आजोबांना डाव्या अंगाने चावायला लावताय का?" मेण परत तापवून सगळे दात काढले.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, धाकटी जास्त हुशार आहे का? हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तुम्ही दोघी मिळून एक टाकसाळ का नाही काढत? निदान भांडण तरी पैशात मोजता येईल." या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

'जावा जावा, उभा दावा' म्हणतात. आमचा दावासुद्धा धड नाही. तिच्या बाजूने काहीच नाही. सगळा एकटीनेच लढवायचा म्हणजे दमायला होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

प्रदर्शन झालं. घोड्याला पहिलं बक्षीस. माझ्या तांब्याच्या नाण्यांच्या मांडणीपुढे एक गृहस्थ बराच वेळ उभे होते, मला वाटलं, त्यांना रस आहे. ते बुटाची नाडी बांधत होते.

काचेच्या पेटीत, पुठ्ठ्याला भोक पाडून घोडा त्यात बसवलेला. खाली चिठ्ठी — "पूर्वीचे संग्राहक : अज्ञात."

ते वाचलं आणि मला डॉक्टर दिसले. रोग्याचं नाव विसरले तर स्वतःवर चिडणारा माणूस! त्यांना 'अज्ञात' म्हणायचं? आणि म्हणू देणारी कोण, तर मी. डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, आत्ता सांगावं, इथल्या इथे.

तेवढ्यात धाकटी फोटोवाल्याला सांगत होती, "नाही हो, मी काही जाणकार नाही, बघताक्षणी आवडला, घेतला!" बघताक्षणी! मी ज्याची नावं परवचा म्हटल्यासारखी म्हणून मग हातात घ्यायची, तो हिने चपला घ्याव्या तसा घेतला.

माझा तोल गेला. सगळ्यांदेखत म्हणाले, "या घोड्याला मी ओळखते. तू या घरात यायच्या आधी माझ्या हातावर खेळलाय हा."

धाकटीचा चेहरा एकदम उतरला. मी पर्स उचलून निघाले. रिक्षात बसल्यावर जरा बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी

धाकटीला काहीतरी झालंय. भांडायला येईल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती, चांगली झोंबणारी. आली ती माझी भाजीची पिशवी वर घेऊन. काल चहा घेऊन. आज म्हणते, "ताई, डोकं चेपून देऊ?"

आणि मग मध्येच, खाली बघून — "दादांची नोकरी गेली होती ना, आमच्या लग्नाआधी. तेव्हा फार ओढाताण झाली असेल तुमची. काय काय सोडावं लागलं असेल."

म्हटलं, "त्याचं आता काय?"

"काही नाही," म्हणाली. पण डोळे पुसत उतरली.

वाघ म्हटलं तरी खाते आणि वाघोबा म्हटलं तरी खाते अशी मी, आणि ही मला गोंजारतेय. कीव करते की काय माझी? बक्षीस मिळालं की माणसाला दया सुचते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मंडळाच्या चिटणिसांचा फोन, लॅबमध्ये. हाताला प्लॅस्टर. फोन खांद्यात धरून बोलले.

"पुस्तिका उद्या छापायला जातेय. तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी एक दुरुस्ती सांगितली. घोड्याचं नाणं मूळ तुमचंच होतं म्हणे."

मला कळेचना.

"त्या म्हणाल्या, अडचणीच्या दिवसांत ताईंना ते विकावं लागलं, म्हणून बोलत नाहीत. ताईंना विचारू नका म्हणून मला शपथ घातली होती हो. पण छापायचं म्हणजे खात्री नको? पूर्वीचे संग्राहक म्हणून तुमचं नाव घालतोय. तुमचंच ना?"

अस्सं! म्हणजे प्रदर्शनात मी बोलले त्याचा हिने हा अर्थ लावला. मी तिला टोमणा मारला आणि तिने त्यातून माझं दुःख शोधून काढलं!

नाही म्हणणं किती सोपं होतं. नाही, माझं नव्हतं, लिहून घ्या — आणि तिन्ही नावं. चिटणीस लिहून घेणाराच माणूस आहे. पेन हातात असणार.

बादलीतलं प्लॅस्टर घट्ट व्हायला लागलं होतं.

"हॅलो? तुमचंच ना?"

"हो," मी म्हणाले.

ठेवून दिला फोन. मला कबूल केलेलं होतंच ना? 'माझ्यानंतर तुझा' — डॉक्टरांचे शब्द आहेत, माझे नाहीत. मुलांनी धड वागून दिला असता तर आज हेच छापलं असतं. मग खोटं कुठे आहे? थोडंसं आहे. प्लॅस्टर बादलीतच दगड झालं, बादलीसकट टाकून द्यावं लागलं.

२ मार्च

पुस्तिका आली. गुळगुळीत कागद. घोडा पानभर. त्याखाली — पूर्वीचे संग्राहक, आणि माझं नाव. एकटं.

सुख झालं. इथे तरी कशाला खोटं लिहू? चारदा उघडून पाहिलं. ह्यांना दाखवलं, तर हे म्हणाले, "हे कधी होतं आपल्याकडे?" म्हटलं, तुमचं लक्ष असतं कधी घरात?

संध्याकाळी परत उघडलं. नावाच्या वर जागा रिकामी आहे, तिघांपुरती. आता ती रिकामीच राहणार. तपासनिसाचं नाव आठवायला आज क्षणभर थांबावं लागलं. आधी कधी लागलं नव्हतं.

६ मार्च

धाकटी आली. हातात छोटी डबी. आज हाका नाहीत, 'डोळे मिटा' नाही. डबी माझ्या हातात ठेवली आणि वरून माझी मूठ मिटली.

"तुमचं तुमच्याकडे असू दे, ताई. माझ्याकडे आला तो पाहुणाच होता."

"अगं, बक्षीस तुला मिळालंय—"

"बक्षिसाचं काय घेऊन बसलात! मला आधी कळलं असतं तर तुम्हाला त्या गर्दीत तसं बघावं लागलं नसतं. मी आपली सगळ्यांना दाखवत सुटले. चुकलंच माझं."

चुकलं म्हणे. तिचं!

आता तरी सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण हे दारात उभे होते, डोळे ओले करून. म्हणाले, "घे गं. एवढं मनाने देतेय पोर." आणि मी घेतलं. नको नको म्हणायचं नाटकसुद्धा फार केलं नाही.

नाव माझं झालं, नाणं माझं झालं, आणि तरी रात्रीचं जेवण गेलं नाही. कारण काय, तर देतानासुद्धा तीच मोठी झाली! माझ्या मत्सराला आता काही कारणही उरलं नाही, तरी हा आपला आहेच बसून.

७ मार्च, शनिवार

दुपारी लॅबमध्ये दार लावून घेतलं. डबी उघडून घोडा बाहेर काढला. शेजारी पांढरा घोडा ठेवला. वाटलं, डॉक्टरांना निदान एवढं दाखवावं की आला.

रेघ तीच आहे. बाकी काही नाही. पांढऱ्याची कड शेपटीखाली चेपलेली आहे, वरचा छाप एका बाजूला सरकलाय. हे नाणं बांगडीसारखं गोल. उलटसुलट धरलं, भिंग लावलं, दिवा फिरवला. चेपलेली कड परत गोल होत नाही.

टाकसाळीतला ठसा तडकला की त्यातून पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तीच रेघ उठते; कड मात्र प्रत्येकाची वेगळी. कालचा शिकाऊसुद्धा आधी कड बघतो. त्या दिवशी हातात घेतलं असतं तर मलाही दिसली असती.

हा डॉक्टरांचा घोडा नाही. कधीच नव्हता. धाकटीचाच आहे.